डिपर गेला, अप्पर आहे

कशेडी घाट उतरताना आमच्या गाडीचे दोन्ही हेडलाइट एकाच वेळी गेले. साल २०१३, रात्रीचे साडेदहा, गणपती दोन दिवसांवर. पाऊस आडवा. गाडीत आम्ही सात जण, डिक्कीत सुतळीने बांधलेलं मखर. गाडी मी चालवत होते, कारण नवरा जहाजावर होता, सिंगापूरच्या पलीकडे कुठेतरी. समोरचा रस्ता पुसून टाकल्यासारखा नाहीसा झाला. डॅशबोर्डवरचे दिवे चालू, वायपर चालू, गाणीसुद्धा चालू. मी ब्रेक दाबला, चारही इंडिकेटर लावले. शेजारून सासरे म्हणाले, "अगं, लाइट लाव ना." जणू मीच गंमत म्हणून बंद केले होते.

तिथे थांबून राहणं धोक्याचं होतं. मागून ट्रक येत होते आणि रस्त्याला कड अशी नव्हतीच. घाबरून मी लाइटची दांडी पुढेमागे करत राहिले, तेव्हा कळलं की ती आपल्याकडे ओढून धरली, म्हणजे समोरच्याला इशारा देतो तशी, तर अप्पर लागतो. सोडली की अंधार. डिपर गेला होता, अप्पर होता. पण एका हाताने दांडी ओढून धरायची आणि दुसऱ्या हाताने कशेडीची वळणं घ्यायची, हे दोन वळणांच्या वर जमेना. शेवटी माझ्या बारा वर्षांच्या मुलाने मखराची सुतळी सोडली. दांडीला बांधून ती स्टेअरिंगच्या खाली असलेल्या खिट्टीला ताणून अडकवली. अशा रीतीने, समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत प्रकाश फेकत आणि प्रत्येकाच्या शिव्या खात, आम्ही भरणे नाक्यापर्यंत उतरलो. एक टेंपोवाला गाडी थांबवून, डोकं बाहेर काढून सविस्तर बोलला. त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.

सकाळी नाक्यावरच्या एका पोराने स्टेअरिंगखालचं प्लॅस्टिकचं कव्हर उघडलं. आत लाइटचा स्विच वितळला होता. जळक्या प्लॅस्टिकचा वास अजून येत होता. त्याने मला विचारलं, "बल्ब कोणते टाकलेत?" मी जरा अभिमानानेच सांगितलं, की कंपनीचे ६०/५५ वॉटचे बल्ब मंद वाटत होते म्हणून दोन महिन्यांपूर्वी १००/९० चे टाकून घेतले. तो काही बोलला नाही. जळलेला स्विच माझ्या हातावर ठेवला फक्त.

आता यातली लाजेची गोष्ट सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना ओहमचा नियम फळ्यावर कितीदा लिहून दिला, याची गणती नाही. ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, दोन मिळून ९. हेच ९० वॉटचे बल्ब घेतात साडेसात-साडेसात, म्हणजे १५. आमच्या गाडीत हा सगळा प्रवाह दांडीच्या आतल्या, नखाएवढ्या तांब्याच्या पट्टीतून जात होता. नऊसाठी केलेल्या पट्टीतून पंधरा पाठवले, ती तापली, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळलं. इशाऱ्याची पट्टी वेगळी होती म्हणून तेवढी वाचली. हे गणित मी परीक्षेत विचारलं असतं आणि मुलाला आलं नसतं, तर मी त्याचे मार्क कापले असते.

गाडी आम्ही २००७च्या दसऱ्याला घेतली होती. सात सीटची, डिझेलवर चालणारी, अंगापिंडाने दणकट. नेरूळच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच माणसं आणि गावाला जायचं म्हटलं की नणंदेचं कुटुंब, त्यामुळे छोटी गाडी परवडणारीच नव्हती. पहिली पाच वर्षं बोनेट उघडायची वेळ आली नाही. त्यानंतर इंजिनाने कधी त्रास दिला नाही, दिला तो विजेने. आजही इंजिन पहिल्या सेल्फला लागतं. दगा देतात ते दिवे, स्विच, तारा, कपलर, म्हणजे कोणी ज्यांच्याकडे बघतही नाही अशा वस्तू.

कशेडीनंतर मला तुर्भ्याचे मामा सापडले. ट्रकच्या रांगांमागे त्यांची पत्र्याची टपरी होती, बाहेर बॅटऱ्यांची उतरंड आणि आत एक मोडका बाक. त्यांच्याकडे मीटर नव्हता. दोन तारा लावलेला एक बल्ब होता, त्याला ते 'टेस्टिंग' म्हणत. तेवढ्यावर ते निम्मी नवी मुंबई दुरुस्त करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला मॅडम म्हटलं, तिसऱ्या खेपेपासून ताई. त्यांनी १००/९०चे बल्ब काढून कचऱ्यात टाकले आणि जुनेच ६०/५५ लावले, पण मधे दोन रिले बसवून. म्हणाले, "ताई, स्विचनं नुसती हाक मारायची. ओझं उचलायला रिले ठेवायचा." बॅटरीपासून जाड तार थेट रिलेला, रिलेतून बल्बला. स्विचमधून जातो तो रिलेला जागं करण्यापुरता, अर्ध्या अँपिअरच्याही आतला प्रवाह. त्या रात्री पाम बीच रोडवर मी गाडी नेली आणि चकित झाले. बल्ब जुनेच होते, उजेड जवळजवळ दीडपट. म्हणजे ते कधी मंद नव्हतेच. लांबच्या, बारीक, जुन्या तारेत त्यांचे व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. हॅलोजन बल्बचे १० टक्के व्होल्ट घटले की उजेड साधारण ३० टक्के घटतो, हे मी नंतर वाचलं. मोठे बल्ब लावून मी त्याच तारेवर आणखी भार टाकला होता.

तिथून मला हे वेड लागलं. तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडून उभी राहू लागले. सुरुवातीला वॉचमन येऊन विचारायचा, "मॅडम, कोणाला बोलावू का?" नंतर विचारेनासा झाला.

मला सगळ्यांत जास्त छळलं ते डाव्या हेडलाइटने. २०१६च्या पावसाळ्यानंतर तो उजव्यापेक्षा पिवळा पडायला लागला. मी बल्ब बदलला. फरक नाही. होल्डर बदलला, चिनी मातीचा घातला. दोन दिवस बरं वाटलं, बहुधा मला वाटावंसं वाटत होतं म्हणून. मग कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊन अख्खा जुना हेडलाइट घेऊन आले, घासाघीस करून. तो लावला, तोही पिवळा. या सगळ्यात एक खूण मला पहिल्या दिवसापासून दिसत होती आणि मी तिच्याकडे काणाडोळा करत होते. डावा इंडिकेटर लावला की डावा हेडलाइट त्याच्या तालावर किंचित मिचकायचा.

मामांकडे गेले तर त्यांनी हेडलाइटला हातही लावला नाही. चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या बाजूला हात घालून चाचपडले आणि एक नट बोटाने दाखवला. तिथे काळ्या तारेचं टोक गाडीच्या पत्र्याला कसलेलं होतं. नटाच्या खाली गंजाचा पापुद्रा. अर्थिंग. बल्बपर्यंत वीज नीट पोचत होती, तिला परत जायला वाट नव्हती. घरी येऊन मी मीटरने मोजलं, कारण आता माझा कोणावर विश्वास उरला नव्हता. लाइट चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी हेडलाइटच्या काळ्या तारेला. जवळजवळ शून्य यायला हवं होतं. आले १.८ व्होल्ट. इंडिकेटरची परतीची वाटही त्याच नटातून होती, म्हणून तो लागला की दोघांची चेंगराचेंगरी व्हायची. पत्रा घासला, नट नवा टाकला, वरून ग्रीस लावलं. खर्च वीस रुपये. त्याआधी घातलेले पैसे मी घरात अजून सांगितलेले नाहीत.

नवऱ्याला फोनवर हे कळवलं तर तो हसायला लागला. तो जहाजावर इंजिनिअर. मोठ्या जहाजांवर विजेला परतीसाठी जहाजाचं लोखंडी अंग वापरायला मनाई असते. तार कुठे अंगाला टेकली की तो बिघाड समजतात आणि धोक्याचा अलार्म वाजतो. "तू ज्याला रिपेअर म्हणतेस त्याला आम्ही फॉल्ट म्हणतो," म्हणाला. या कारणाने त्याचे फोनवरचे सल्ले आमच्या गाडीला कधीही लागू पडले नाहीत. गाडीत निम्मी तार ही तारच नसते, तो पत्रा असतो. आणि पत्रा नवी मुंबईत राहत असेल तर त्याचं आयुष्य कसं जाणार? एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारी दमट हवा. आमच्या गॅलरीतल्या खिडकीच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग लागतो. गाडीच्या नटाला कोण रंग लावतं? तांब्याच्या तारेचं तर त्याहून वाईट. वरून काळं आवरण धडधाकट दिसतं, सोलून बघावं तर आत वीतभर हिरवी भुकटी. आता मी कोणतीही तार कापली की पहिल्यांदा तिचा रंग बघते.

बॅटरीची गोष्ट निराळी. एका वर्षात दोन बॅटऱ्या गेल्या. गाडी सोमवारी ठेवली की शनिवारी सेल्फ घ्यायची नाही, नुसतं टकटक. दुकानदार गॅरंटीचं कार्ड बघून तोंड फिरवू लागला. मामा तेव्हा गावी गेले होते, म्हणून मीच बसले. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मधे मीटर लावला. सगळं बंद असताना अशा गाडीने फार तर ५० मिलिअँपिअर घ्यावेत. आमची ३८० घेत होती. मग एकेक फ्यूज काढत गेले. टेपचा, सेंट्रल लॉकचा, हॉर्नचा. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा धप्पकन खाली आला. पण आतले दिवे तर सगळे बंद! मुलाने शक्कल लढवली. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिक्कीत ठेवला आणि डिक्की बंद केली. दोन मिनिटांनी काढून पाहतो तर आत लख्ख उजेड. डिक्कीचा दिवा दार लावल्यावरही विझत नव्हता, बटण अडकलं होतं. पाच वॉटचा एवढासा दिवा, काळ्या काचांमागे आठवडाभर जळत राहायचा. रोज नऊ अँपिअर-तास पिणाऱ्याने ७० अँपिअर-तासांची बॅटरी शनिवारपर्यंत संपवली, तर त्यात बॅटरीचा काय दोष? त्या दुकानदाराशी मी बऱ्यापैकी भांडले होते. पुढे दिवाळीला त्याच्याकडे फराळ नेऊन दिला, कारण मात्र सांगितलं नाही.

उंदरांबद्दल फारसं लिहीत नाही, कारण तिथे मी हरले. खाली पार्किंग असलेल्या सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पावसाळ्यात गरम इंजिनावर येऊन बसतात आणि तारांवर दात घासतात. तंबाखू ठेवली, डांबरगोळ्या ठेवल्या, फवारे मारले. जाळी लावल्यावर थोडे कमी झाले. पण त्यांच्यामुळेच एकदा गाडी पेटता पेटता राहिली, ते सांगायला हवं.

फॉगलॅम्पचा फ्यूज सारखा उडत होता. अलिबागहून परतताना वडखळला एका टपरीवर थांबलो. तिथल्या मुलाने १५ अँपिअरचा निळा फ्यूज बघितला, दुसरा टाकला, तो उडाला. मग त्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, फ्यूजच्या दोन्ही पायांना गुंडाळली आणि बसवून दिली. फॉगलॅम्प लागले. पन्नास रुपये घेतले. मी, ओहमवाली बाई, बाजूला उभी राहून हे बघत होते आणि मनात म्हणत होते की घरी जाऊन नीट करू. पाम बीचवर शिरलो आणि बोनेटच्या फटीतून धूर आला. उंदराने कुरतडलेली तार पत्र्याला टेकत होती. फ्यूज बिचारा तेच तर सांगत होता, आणि आम्ही त्याचं तोंड बंद केलं होतं. फ्यूज उडत नाही म्हटल्यावर तारेनेच जळायचं ठरवलं. मुलगा उडी मारून उतरला, पण बॅटरीचा नट सोडवायला पाना सापडेना. सीटखाली सापडला तोपर्यंत फूटभर वायरिंग काळं झालं होतं. तेव्हापासून दहा नंबरचा पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो, गणपतीच्या छोट्या मूर्तीच्या शेजारी. त्याला तिथून कोणी हलवलं तर मी ओरडते.

सगळे धडे मी मुकाट्याने घेतले असंही नाही. २०१९ साली मुलगा कॉलेजात गेला आणि त्याने वाढदिवसाच्या पैशांतून एलईडी बल्ब आणले. गाडी एकदम तरुण दिसायला लागली. भिंतीवर पांढराशुभ्र उजेड. मला शंका आली होती, तरी मुलाचा चेहरा बघून गप्प बसले. जुलैमध्ये खंडाळ्याच्या धुक्यात शिरलो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली. आमच्या हेडलाइटचा चकचकीत कटोरा बल्बच्या आतल्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला. तिथे दुसऱ्याच आकाराचा उजेड बसवला की तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत, धुक्याच्या कणांत जास्त जातो. लोणावळ्यात चहाच्या टपरीवर पावसात उभं राहून त्यानेच ते काढले. मी जुने हॅलोजन बरोबर घेऊन निघाले होते. हे त्याला अजून टोचतं.

२०२२ला गाडीला पंधरा वर्षं झाली. खासगी गाडीची नोंदणी तेवढ्यात संपते, पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. घरात दोन तट पडले. नवरा म्हणाला, विकून टाकू. सासूबाईंचं मत गाडीच्या बाजूने, पण रात्रीच्या प्रवासाच्या ठाम विरोधात. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी बस गेल्या, तेव्हापासून त्या काळोख पडल्यावर पनवेलच्या पुढे गाडीत बसत नाहीत. त्यामुळे आमच्या घरात दिव्यांवर एवढा खर्च कशाला, असाही एक मुद्दा निघाला होता. तो मी ऐकला नाही असं केलं.

शेवटी नोंदणी नवी करायचं ठरलं. त्यासाठीच्या पासिंगच्या आदल्या रविवारी मी हेडलाइटच्या काचा घासल्या. काचा म्हणायचं, असतं प्लॅस्टिक. उन्हाने वर पिवळसर साय धरते. आधी आठशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, मग हजार, मग दोन हजार, मग पॉलिश. हात गळून गेले. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर समोर उभे राहिले, मी आत. "अप्पर. डिपर. डावा. उजवा. ब्रेक." प्रत्येक शब्दाबरोबर माझ्या पोटात गोळा. रिले टकटक वाजत होते, ते एरवी मला ऐकूसुद्धा येत नाहीत. सगळे दिवे लागले. ते म्हणाले, "जुनी गाडी बरी ठेवलीय." हे कोणाला सांगावं म्हणून मी थेट तुर्भ्याला गेले. टपरी बंद होती. शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं, मामांनी करोनातच धंदा आवरला, साताऱ्याकडे गावी गेले, शेती बघतात. दोन वर्षं मला गरज पडली नव्हती, म्हणून पत्ताही नव्हता. पेढ्यांचा पुडा टायरवाल्याला दिला.

आता कशेडीला बोगदा झालाय. घाटाची ती वळणं आम्हाला लागतच नाहीत. मुलगा पुण्यात नोकरी करतो, त्याच्या गाडीत बोनेट उघडलं तर नुसतं काळं झाकण दिसतं. नवरा यंदा कायमचा घरी आला आहे आणि रविवारी पार्किंगमध्ये माझ्या मागे उभा राहून सूचना करतो. मी त्याला टॉर्च धरायला देते.

पुढची नोंदणी २०२७ला. तोवर बरंच काही उरलंय. गेल्या आठवड्यापासून उजवा इंडिकेटर पाऊस पडला की दुप्पट वेगाने वाजायला लागतो. बल्ब उडाला की असं होतं, पण बल्ब शाबूत आहेत, दोन्ही बघितले. बहुतेक मागच्या दिव्याचं अर्थिंग असणार. त्याचा कपलर उघडायला डिक्कीच्या कोपऱ्यात हात घालावा लागेल, आणि तिथे अजून गेल्या वर्षीच्या मखराचे पुठ्ठे पडलेत. ते आधी काढायला हवेत.